एका घरातले तीन उन्हाळे
खोलीनिहाय गारव्यासाठी घरीच थर्मोस्टॅट कसा बनवाल?

एप्रिलच्या दुपारी आष्टी तालुक्यातल्या कडा गावी एकाच घरात तीन उन्हाळे असतात. पश्चिमेकडच्या, स्लॅबखालच्या खोलीत भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मधल्या खोलीत पंख्याखाली कसंबसं बसवतं. मागच्या उत्तरेकडच्या पडवीत मात्र आजी निवांत गोधडी शिवत असते. कूलर या तिन्हींसाठी एकच. तो सकाळी दहाला सुरू होतो आणि रात्री कुणाच्या तरी लक्षात आल्यावर बंद होतो. मधल्या काळात रिकाम्या खोल्याही गार होत राहतात. वीज जाते ती जातेच, पण आष्टी तालुक्यात त्याहून जास्त टोचतं ते पाणी. मोठा डेझर्ट कूलर कडक उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. दिवसातले तीन तास जरी तो विनाकारण चालला नाही, तरी दोन हंडे पाणी वाचतं.

गरज नसताना कूलर बंद ठेवणारं यंत्र म्हणजे थर्मोस्टॅट. ते बाजारात मिळतं, पण बहुतेक वेळा एसीसाठी किंवा थंड देशांतल्या बॉयलरसाठी बनवलेलं असतं. अशा यंत्राला फक्त तापमान कळतं. आपल्याकडच्या थर्मोस्टॅटला आणखी तीन गोष्टी कळायला हव्यात: माणूस कोणत्या खोलीत आहे, हवा किती कोरडी आहे आणि टाकीत पाणी आहे का. म्हणूनच तो घरी बनवण्यात अर्थ आहे. बारावी विज्ञान झालेल्या, सोल्डरिंगला न घाबरणाऱ्या मुलामुलींना हे महिन्याभरात जमण्यासारखं आहे.

खोलीनुसार तापमान सांभाळण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथल्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. वर्गांचं तापमान बघायला शिपाई खोल्याखोल्यांतून फिरायचा, शिकवण्यात खंड पडायचा. जॉन्सन यांनी खोलीतल्या तापमानावरून तळघरात घंटा वाजवणारी विजेची युक्ती केली आणि १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे खोलीतला विजेवरचा थर्मोस्टॅट सुरुवातीपासूनच ‘कोणत्या खोलीत काय चाललंय’ हे सांगण्यासाठी जन्माला आला. आपल्यालाही तेच हवं आहे.

आधी वही, मग यंत्र

पहिला आठवडा यंत्रासाठी काहीही विकत घेऊ नका. साधे दोन-तीन थर्मामीटर खोल्यांत ठेवा आणि सकाळी सहा, दुपारी एक, चार, रात्री आठ आणि झोपताना अशा पाच वेळा आकडे वहीत लिहा. शेजारी लिहा: त्या वेळी खोलीत कोण होतं, खिडकी उघडी होती का, कूलर चालू होता का.

चार दिवसांत घराचा स्वभाव दिसू लागतो. स्लॅबची खोली दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त तापलेली सापडेल, कारण काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि सूर्य कलल्यावर ती खाली सोडतं. पत्र्याची खोली झपाट्यानं तापते आणि तितक्याच झपाट्यानं निवते. जुनं माळवद असेल तर मातीच्या जाड थरामुळे त्या खोलीचा आकडा दिवसभर फारसा हलणार नाही. तीन छपरांना एकच नियम लावून चालत नाही, हे ही वही पटवून देते.

याच आठवड्यात स्लॅबवर चुन्याची सफेदी मारून घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या किंवा जाड पडदा लावा. उष्णता आत शिरल्यावर ती काढण्यापेक्षा बाहेरच अडवणं स्वस्त पडतं. थर्मोस्टॅट उरलेल्या उष्णतेचा हिशेब सांभाळतो. छपराचं काम तो करू शकत नाही.

घराचे भाग पाडा

प्रत्येक खोली म्हणजे एक विभाग असं धरू नका. वहीत ज्या खोल्यांचे आकडे बरोबरीनं चढतात-उतरतात आणि ज्यांचा वापर एकाच वेळी होतो, त्या मिळून एक विभाग. चार-पाच खोल्यांच्या घरात साधारण तीन विभाग पुरतात: दिवसा बसण्याचा, रात्री झोपण्याचा आणि म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असलेल्या खोलीचा. स्वयंपाकघर गारव्याच्या विभागात घेऊ नका. तिथली गरम हवा आणि वाफ बाहेर काढणारा पंखा हवा, आत हवा ढकलणारा कूलर नव्हे.

गारव्याच्या पायऱ्या

थर्मोस्टॅटनं नेहमी सर्वांत स्वस्त पायरीपासून सुरुवात करावी.

पहिली पायरी छताच्या पंख्याची. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३० वॅट. पंखा हवा गार करत नाही, पण घाम वाळवून अंगाला दोन-तीन अंशांचा आराम देतो. त्यालाही मर्यादा आहे. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेव्हा तो गरम हवाच अंगावर मारतो. पत्र्याच्या खोलीत हे लक्षात ठेवा.

दुसरी पायरी रात्रीच्या हवेची. आपला भाग पठारावरचा आणि कोरडा, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री बाहेरची हवा चांगली उतरते, तेव्हा घर मात्र आतून तापलेलंच असतं. अशा वेळी एक्झॉस्ट पंखा लावून आतली हवा बाहेर फेकली आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, तर पाण्याचा एक थेंबही न लागता भिंती निवतात.

तिसरी पायरी कूलरची. पंखा आणि पंप मिळून तो दीड-दोनशे वॅट घेतो.

चौथी एसीची, घरात असेल तर. दीड टनाचा एसी जोरात चालताना सुमारे दीड किलोवॅट ओढतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवर येतील असं केंद्र सरकारनं बंधनकारक केलं आहे, आणि तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं आहे. एसीची वीज बाहेरच्या रिलेनं (विजेवर चालणाऱ्या खटक्यानं) तोडू-जोडू नका. बंद झाल्यावर कॉम्प्रेसरला किमान तीन मिनिटं विश्रांती लागते. त्याचं तापमान त्याच्या रिमोटवरूनच ठरवा. एका खोलीत कूलर आणि एसी एकत्र कधीच नको. कूलरनं हवेत घातलेला ओलावा काढण्यातच एसीची ताकद खर्च होते.

कूलर कधी उपयोगाचा, कधी नाही

पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषतं. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण हवा जितकी कोरडी, तितकंच पाणी उडणार.

बाहेर ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साडेबावीसच्या आसपास थांबेल. कूलर त्या मर्यादेच्या पाऊण वाटेपर्यंत पोचतो असं धरलं, तर आत येणारी हवा सुमारे २७ अंशांची असेल. तब्बल तेरा अंशांचा फरक! आता जुलै घ्या: बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के. ओला थर्मामीटर २६ च्या थोडा वर थांबतो, कूलरची हवा जेमतेम पावणेतीन अंशांनी उतरते आणि खोली चिकचिकीत होते ती वेगळीच. त्या दिवसांत पंप चालवणं म्हणजे पाणी वाया घालवणं.

म्हणून आपल्या थर्मोस्टॅटला घराबाहेर, उत्तरेच्या सावलीत, तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक सेन्सर हवाच. बाजारच्या साध्या थर्मोस्टॅटमध्ये नेमका तोच नसतो.

एका कूलरवर तीन विभाग

प्रत्येक खोलीला कूलर घेण्याची गरज नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. जिथे वाट, तिकडे गारवा. मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवा, शक्यतो सावलीच्या बाजूला. बाकीच्या खोल्यांत वरच्या बाजूला एकेक छोटा एक्झॉस्ट पंखा लावा. ज्या खोलीचा एक्झॉस्ट चालू, तिकडे कूलरची हवा ओढली जाते. थर्मोस्टॅटनं एक्झॉस्ट निवडला म्हणजे खोली निवडली. आतल्या दारांना खाली किंवा वर हवा जाण्याइतकी फट ठेवा.

एक नियम मात्र कडक पाळा: दुपारी कूलर बंद असताना एक्झॉस्ट चालता कामा नये. नाहीतर तो फटींतून बाहेरची झळ आत ओढेल.

लागणारं सामान

मेंदू म्हणून ईएसपी-३२ बोर्ड उत्तम. तो काही शे रुपयांत मिळतो आणि त्यातली ईएसपी-नाऊ ही पद्धत वापरली तर घरात राउटर किंवा इंटरनेट नसतानाही खोल्याखोल्यांतले बोर्ड आपसांत बोलतात. मुख्य पेटीत एक बोर्ड आणि प्रत्येक विभागात एक छोटा बोर्ड, अशी रचना करा. भिंती फोडून वायर ओढावी लागत नाही.

सेन्सर निवडताना चार पैसे वाचवायला जाऊ नका. डीएचटी-११ मध्ये दोन अंशांची चूक असू शकते, त्यावर नियम उभे राहत नाहीत. डीएचटी-२२ अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो आणि आर्द्रताही मोजतो. एसएचटी-३१ त्याहून भरवशाचा. फक्त तापमान हवं तिथे डीएस१८बी२० चांगला. त्याला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा लागतो.

त्याशिवाय ऑप्टोकप्लर असलेलं रिले मॉड्यूल, चांगल्या कंपनीचा पाच व्होल्टचा चार्जर, टाकीसाठी फ्लोट स्विच, प्रत्येक विभागाला एक बटण आणि प्लॅस्टिकची बंद पेटी. नगरला काही सुटे भाग मिळतील. न मिळालेले पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतात.

जोडणी करताना दोन गोष्टी सांभाळा. ईएसपी-३२ च्या ०, २, १२ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच्या कामात असतात. त्यांना रिले जोडला तर वीज येताच तो खडखडतो. २५, २६, २७, ३२, ३३ या पिना वापरा. दुसरं, ३४ ते ३९ या पिना फक्त माहिती घेऊ शकतात. त्यांच्यावर रिले चालणार नाही.

सेन्सर तपासा, मग लावा

सगळे सेन्सर एक रात्र एकाच बंद डब्यात ठेवा आणि सकाळी आकडे ताडून पाहा. जो जितका पुढे-मागे असेल तितकी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये घाला. पाण्यात बुडवता येणारा डीएस१८बी२० बर्फाच्या चुऱ्यात आणि थोड्या पाण्यात ठेवला तर शून्य दाखवायला हवा. आर्द्रतेसाठी स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. वाटीत मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखं होईल एवढंच पाणी घाला. ही वाटी आणि सेन्सर एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा, सेन्सर मिठाला टेकवू नका. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते.

सेन्सर आतल्या भिंतीवर चार-पाच फूट उंचीवर लावा. ऊन, कूलरचा झोत, फ्रिज आणि टीव्हीची पाठ टाळा. ईएसपी-३२ स्वतःही तापतो, म्हणून सेन्सर त्याच्या पेटीत कोंडू नका. वायरवर वीतभर लांब सोडा.

यंत्राला शिकवायचे नियम

प्रोग्रॅम लिहिण्याआधी नियम मराठीत कागदावर लिहा. साधे आणि थोडे ठेवा.

१. दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या. शेवटच्या पाचांतलं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान टाका, उरलेल्या तिन्हींची सरासरी धरा.

२. सुरू आणि बंद करण्याच्या आकड्यांत अंतर ठेवा. २९ ला बंद करायचं तर ३०.५ ला सुरू. इलेक्ट्रॉनिक्सवाले याला हिस्टेरेसिस म्हणतात. हे अंतर नसेल तर रिले दर मिनिटाला टकटक करत राहतो आणि मोटर लवकर जाते.

३. सुरू झालेली मोटर किमान पाच मिनिटं चालेल, बंद झालेली किमान तीन मिनिटं बंद राहील.

४. खोलीत माणूस असेल तरच गारवा. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर विसंबू नका, झोपलेला माणूस त्याला दिसत नाही. त्यापेक्षा ‘मी इथे आहे’ असं एक बटण लावा. एकदा दाबलं की तो विभाग दोन तास जागा. झोपण्याच्या खोलीसाठी रात्रीची वेळ ठरवून द्या. आजारी किंवा वृद्ध माणसाच्या खोलीला बटणाची अट लावू नका, ती खोली कायम जागी ठेवा.

५. बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा दोन अंशांनी कमी असेल तर आधी एक्झॉस्ट, कूलर नाही.

६. खोलीतली किंवा बाहेरची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की पंप बंद, कूलरचा पंखा चालू.

७. कूलर सुरू करताना आधी दोन मिनिटं फक्त पंप, म्हणजे कूलरच्या ताट्या (पॅड) भिजतील. थांबवताना आधी पंप बंद आणि पुढची दहा मिनिटं पंखा, म्हणजे ताट्या वाळतील, वास येणार नाही.

८. फ्लोट स्विचनं टाकी रिकामी सांगितली की पंप लगेच बंद, पाच मिनिटांची अट इथे नाही. कोरडा चाललेला पंप जळतो.

९. वीज परत आल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग एकेक मोटर वीस सेकंदांच्या अंतरानं सुरू करा. लोडशेडिंगनंतर पहिल्या क्षणी व्होल्टेज फार वर-खाली होतं.

यंत्र चुकलं तर?

चांगला थर्मोस्टॅट ओळखायचा तो बिघाडाच्या वेळी. डीएस१८बी२० ची वायर सुटली तर नेहमीची लायब्ररी –१२७ असा आकडा देते, आणि वीज येताच पहिलं वाचन कधीकधी ८५ येतं. हे आकडे खरे मानले तर यंत्र वेड्यासारखं वागेल. ५ च्या खालचं आणि ५५ च्या वरचं तापमानाचं कुठलंही वाचन फेकून द्या. सलग दहा वाचनं चुकली तर त्या विभागाचे रिले बंद करून लाल दिवा लावा. प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून वॉचडॉग चालू ठेवा.

आणि प्रत्येक रिलेच्या बाजूला साधं हाताचं बटण राहू द्या. यंत्र बनवणारा मुलगा कॉलेजला गेलेला असताना आजीला फक्त एक खटका दाबून कूलर लावता आला पाहिजे. हे जमलं नाही, तर बाकी सगळं व्यर्थ.

विजेशी खेळ नाही

इथे पाणी, लोखंडी पत्रा आणि २३० व्होल्ट एकत्र येतात, म्हणून हा भाग दोनदा वाचा. कूलरच्या बॉडीला पक्कं अर्थिंग हवं. कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच लाइन तोडणारा) आणि योग्य एमसीबी बसवा. पाणी भरताना आणि ताट्या साफ करताना प्लग काढा. थर्मोस्टॅटनं बंद केलंय म्हणून हात घालू नका, तो कधीही पुन्हा सुरू करू शकतो. सेन्सरची आणि मेनची वायर वेगवेगळ्या पाइपांतून न्या. निळ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असलं तरी मोटर सुरू होताना कैकपट प्रवाह ओढते. तिच्यासाठी छोटा काँटॅक्टर, म्हणजे जड रिले, वापरा. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

बांधणी टप्प्याटप्प्यानं करा. आधी नुसती नोंद. मग रिलेऐवजी एलईडी लावून दोन दिवस नियम बरोबर चालतात का बघा. नंतर रिलेवर साधा बल्ब, आणि शेवटी पंप, पंखा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि टाकी रिकामी केल्यानं बोअरच्या जड पाण्याचा क्षारही ताट्यांवर कमी बसतो.

थंडीचं थोडक्यात

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते, पण घरभर उष्णतेची गरज नसते. बाळंतिणीच्या किंवा वृद्धांच्या खोलीपुरता हीटर लावला जातो. त्या बाबतीत थर्मोस्टॅटला फक्त बंद करण्याचा अधिकार द्या, सुरू करण्याचा नाही. हीटर माणसानं बघून लावावा. शेजारी गोधडी किंवा पडदा नाही याची खात्री यंत्र करू शकत नाही. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, म्हणून इथे छोटा रिले चालणार नाही, काँटॅक्टरच लागेल. खोली कोंडून शेगडी मात्र कधीही पेटवू नका.

पहिल्या उन्हाळ्यात वही बंद करू नका. कूलर रोज किती तास चालला आणि टाकी किती वेळा भरली, एवढं लिहीत राहा. मे महिन्याच्या शेवटी तुमचे आकडे तुम्हालाच नियम सुधारायला सांगतील: कुणाच्या खोलीत २९ जास्त होतात, कुणाला ३१ ही चालतात. मग एक दिवस मृगाचा पहिला पाऊस येईल, मातीचा वास घरभर पसरेल आणि बाहेरच्या सेन्सरवर आर्द्रतेचा आकडा चढू लागेल. कुणी उठून काही न करता पंपाचा आवाज थांबला आणि पंखा तेवढा चालत राहिला, तर समजा की तुमचं यंत्र कड्याचं हवामान शिकलं.